स्वागताध्यक्षांचे भाषण : टेबलासमोरचा माणूस

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आणि जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतील तहसील कचेऱ्यांतून, पंचायत समित्यांतून, नगरपरिषदांतून व शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांतून येथे आलेल्या बंधुभगिनींनो,

ज्याची सारी उमेद दप्तरातच गेली अशा एका निवृत्त अव्वल कारकुनास आपले स्वागत करण्याचा मान स्वागत समितीने दिला, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. यवतमाळ नगरीला संमेलनांचे अप्रूप नाही. ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली १९७३ साली आणि अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते. परंतु ज्यांच्या लेखणीवर राज्याचा रोजचा कारभार चालतो आणि ज्यांचे नाव मात्र कोणत्याही कागदावर ठळकपणे येत नाही, त्यांना एकत्र बसून आपल्या विद्येचा विचार करावयास क्वचितच सवड मिळते. म्हणून या मेळाव्याचे मोल मला विशेष वाटते.

पूर्वी वणी जिल्हा या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख १९०५ पासून यवतमाळ जिल्हा म्हणून दप्तरी रुजू झाला. वणीने देशाला लोकनायक बापूजी अणे दिले. पुसद तालुक्यातील गहुलीने वसंतराव नाईक दिले. नाईकसाहेबांचे स्मरण आजच्या प्रसंगी मी मुद्दाम करीत आहे. ते महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली लोकशाही विकेंद्रीकरणाचा जो अहवाल दिला, त्यातून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि सरकार नावाची जी वस्तू तोवर दूरच्या कचेरीत बसलेली होती ती तालुक्याच्या गावी येऊन बसली. सरकार जवळ आले याचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच की, सामान्य माणूस आणि राज्यसत्ता यांच्यामध्ये एक टेबल आले आणि त्या टेबलाशी आपल्यापैकी कोणीतरी बसला.

या कामाच्या विद्येला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिला. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, शाई, ओळी, समास यांची निगा कशी राखावी, इतक्या बारकाव्याने त्या विरक्त पुरुषाने हा विषय हाताळला. आज ती निगा संगणकाच्या कळफलकाकडे गेली आहे. भरतीच्या वेळी आपली परीक्षा होते ती मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला तीस शब्दांची वा इंग्रजीच्या चाळीस शब्दांची. पुढे दुय्यम सेवा परीक्षा, महसूल अर्हता परीक्षा यांतून नियमांचे ज्ञान तपासले जाते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेता येते की नाही, याची परीक्षा कोणतीही परीक्षा समिती घेत नाही. ती परीक्षा टेबलासमोरचा माणूस घेतो आणि तिचा निकाल तो मुकाट्याने घरी घेऊन जातो.

या जिल्ह्यात ही परीक्षा किती कठोर असते, हे आपणांस सांगावयास नको. शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांचे टेबल ज्यांनी सांभाळले असेल, त्यांना माझे म्हणणे लगेच उमगेल. २००६ च्या शासन निर्णयाने मृताच्या वारसांना १ लाख रुपयांची मदत ठरली. त्यातील ३० हजार हाती द्यावयाचे आणि ७० हजार ठेव म्हणून गुंतवावयाचे. जमीन कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता काय, याची चौकशी होऊन पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचा वा सोसायटीचा दाखला असे कागद जुळतात, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरविते. निर्णय समितीचा असतो हे खरे. परंतु समितीपुढे जे जाते ते एका सहाय्यकाने लावलेली संचिका आणि त्याने लिहिलेली टिप्पणी असते. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून, मराठी धड न बोलता येणारी कोलाम बाई पदराखाली मूल घेऊन येते, तेव्हा तिला प्रथम बसावयास सांगणे, लागणारे सारे कागद एकदाच आणि तिला कळेल अशा बोलीत सांगणे, ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत आलेल्या भावाच्या हाती देणे, आणि जो दाखला शेजारच्याच कचेरीतून आपल्याला मागविता येतो त्यासाठी तिची मजुरी बुडू न देणे, ही सौजन्याची भर नव्हे. हा त्या कामाचा गाभा आहे. ज्याने तिला तीन खेपा घालावयास लावल्या, त्याची टिप्पणी व्याकरणशुद्ध असली तरी ती सदोषच मानली पाहिजे, कारण प्रकरणाची वस्तुस्थिती जिच्या तोंडून कळावयाची ती बोलायचीच थांबलेली असते, आणि मग अहवालात जे उतरते ते तिच्या घरचे खरे नसून नमुन्यातल्या रकान्यांचे असते.

मला आज जे एकच म्हणणे आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते हेच. कामातले कौशल्य आणि माणसांशी वागण्याचे कौशल्य अशा दोन वेगळ्या गोष्टी आपण मानतो, एकीसाठी नियमपुस्तिका वाचतो आणि दुसरी ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडतो. वस्तुतः ज्याला ऐकता येत नाही त्याला टिप्पणीही लिहिता येत नाही. आपल्या जिल्ह्यात तर ऐकण्यासाठी कान अधिकच तयार असावे लागतात. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी, केळापूर-मारेगावकडे कोलामी आणि गोंडी, पैनगंगेच्या काठाला तेलुगू, आणि सर्वत्र आपली वऱ्हाडी. यांपैकी एका बोलीतली चार-दोन वाक्ये ज्याला येतात, त्याच्या टेबलाशी माणूस मोकळा होतो. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या परिसरात काम करणाऱ्यांनी कोलामी शिकणे हे टंकलेखन शिकण्याइतकेच आवश्यक मानले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू अभिलेखांची. जात पडताळणीसाठी कोलाम, गोंड, आंध अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि बंजारा अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, तेव्हा तो बहुधा जुन्या कोतवाल बुकात किंवा शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत सापडतो. शंभर वर्षांपूर्वी कोण्या अनाम लेखनिकाने ज्या जन्माची नोंद नीट केली, त्या नोंदीवर आज पणतूचा वैद्यकीय प्रवेश अवलंबून असतो. आणि जेथे त्याने जातीचा रकाना कोरा सोडला किंवा घाईत भलतेच लिहिले, तेथे एक कुटुंब वर्षानुवर्षे समित्यांच्या पायऱ्या चढत राहते. आपण लावलेले ‘अ’ वर्गाचे प्रकरण कायम राहावयाचे असते, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे. ते उघडणारा माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, तरी त्याच्याशीही आपला व्यवहार आजच घडत असतो. अनिलकुमार लखिना यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत दप्तराची जी फेरमांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली. सहा गठ्ठ्यांची पद्धतही आपण सारे जाणतो. पद्धती चांगल्याच आहेत, त्या रोज सायंकाळी पाळल्या जाव्यात इतकेच.

वरिष्ठांशी वागण्याविषयी थोडे बोलतो. चांगला सहाय्यक साहेबांना आवडेल तेवढेच टिप्पणीत लिहीत नाही; प्रतिकूल नियम, पूर्वीचा निर्णय, अर्जदाराची अडचण हे सारे तो विनयाने पण निःसंदिग्धपणे मांडतो. तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घ्यावी असे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सांगतात, आणि ती पुष्टी उद्धटपणाचा लवलेशही न येऊ देता मागणे ही कला आहे. ती पुस्तकातून येत नाही, ज्येष्ठांजवळ बसून येते. विलंबाच्या बाबतीत मात्र कायदा असंदिग्ध आहे. २००५ च्या अधिनियमाने सामान्यतः कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये असे ठरविले, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. रिक्त पदे फार आहेत, एकेकाकडे दोन-दोन टेबले आहेत, निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या या सर्वांचा भार एकाच माणसावर येतो, हे मी जाणतो आणि शासनाने ही पदे तातडीने भरली पाहिजेत असे या व्यासपीठावरून आग्रहाने म्हणतो. तथापि विलंब अटळ असेल तेव्हा त्याचे कारण आणि पुढची तारीख अर्जदाराला सांगणे तरी आपल्या हाती असतेच.

म्हणून या संमेलनाकडे माझी एक मागणी आहे. नव्याने रुजू होणाऱ्या, विशेषतः अनुकंपा तत्त्वावर घरातले दुःख उराशी घेऊन येणाऱ्या तरुण-तरुणींना पहिल्याच दिवशी गठ्ठे सोपवून एकटे सोडू नये. काही काळ त्यांना एका जाणत्या सहकाऱ्याच्या शेजारी बसवावे, टिप्पणी लिहिणे आणि अर्जदाराशी बोलणे दोन्ही एकाच टेबलावर शिकू द्यावे. आणि सेवानिवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने कार्यभार सोपविताना केवळ संचिकांची यादी न देता आपल्या टेबलाचे काम कसे चालते हे चार पाने लिहून द्यावे. असा ठराव आपण आज संमत करावा, तो जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे पाठवावा, आणि त्यांचा हुकूम येण्याची वाट न पाहता येत्या सोमवारपासून आपापल्या कचेरीत त्याप्रमाणे वागावयास लागावे, अशी आपणां सर्वांना माझी विनंती आहे. स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करून मी संमेलनाध्यक्षांना पुढील कामकाज हाती घेण्याची प्रार्थना करतो.