आडनावाआधी विद्या



बबीना येथील या लष्करी छावणीत नवे मराठी कुटुंब आले की आपण आनंदाने भेटीस जातो. "गाव कोणते?" यापाठोपाठ "आडनाव काय?" हा प्रश्न येतोच. झाशी जवळ असल्याने राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण येथे नित्य होते. आज आम्ही, जिला आडनावाशी झुंजावे लागले, अशा एका विदुषीचे स्मरण करणार आहोत.

कुमुद सोमकुवर यांचा जन्म १९३८ साली, महार समाजात झाला. शाळेतील संस्कृतचे गोखले गुरुजी धोतर, लांब कोट, काळी टोपी अशा जुन्या वळणाचे. ते आपल्याला शिकवतील का, ही धास्ती मुलीच्या मनात होती. गुरुजींनी मात्र आपपरभाव न ठेवता शिकविले. ज्या भाषेतील वेदांचे श्रवणही शास्त्रकारांनी शूद्रांस निषिद्ध ठरविले, त्याच भाषेत त्या एम. ए. झाल्या. कौतुक झाले, नोकरी मिळेना. पुढे मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली. विद्या तीच, पदवी तीच. बदलले ते आडनाव! हे शल्य त्यांनी 'अंतःस्फोट' या १९८१ च्या आत्मकथनात मांडले. दलित स्त्रियांच्या चळवळीतही त्या अग्रभागी राहिल्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

योगायोग असा की, त्याच १९८१ साली अमेरिकेत बेल हुक्स या कृष्णवर्णीय विदुषीने वर्ण आणि स्त्रीत्व यांच्या दुहेरी जाचावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे मूळ नाव ग्लोरिया वॉटकिन्स. लेखनासाठी त्यांनी पणजीचे नाव घेतले आणि ते इंग्रजीत लहान अक्षरांतच लिहिले. वाचकाचे लक्ष नावाकडे न जाता विचाराकडे जावे, हा हेतू.

केंद्र शासनाच्या सेवेत आम्ही अनेक अर्ज चाळले. प्रांजळपणे सांगतो, गुणांच्या रकान्याआधी आमची दृष्टी आडनावावर गेली आहे. अन्याय केला नाही, अशी मनाची समजूत घालीत आलो. पण नजर आधी तेथे का गेली, याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प करू या. नवागतास गाव विचारावे, आवडते पुस्तक विचारावे. आडनाव त्याने आपण होऊन सांगितले, तर ऐकावे आणि विसरावे.