बातमी कोणाच्या हाती?

(शिर्डी येथील व्याख्यान)



ज्या शिर्डीत आपण आज जमलो आहोत, तिची ओळख जगाला करून द्यावी लागत नाही. 2017 साली जवळच काकडी येथे विमानतळ सुरू झाला आणि दूरदूरचे लोक आकाशमार्गाने येथे येऊ लागले. याच शिर्डीत मे 2015 मध्ये आपल्या एका तरुणाचा खून झाला. मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गीतावरून वाद झाला, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. ती बातमी देशभर पोहोचली. परंतु आपल्या मुलांचे शिक्षण, आईबापांचे कष्ट यांना एरवी त्याच स्तंभांत किती जागा मिळते? आपले मरण बातमी ठरते, आपले जगणे ठरत नाही. असे का व्हावे?

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वीच ओळखला होता. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 1945 साली काँग्रेस व गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी या रोगाचे मूळच दाखविले. अस्पृश्यांना स्वतःचे वृत्तपत्र नाही. जाहिरातीच्या उत्पन्नावाचून ते जगत नाही. आणि वृत्तसंस्थेतील नोकरवर्ग उच्चवर्णीयांचा. मग परदेशी वाचकाला आपली बाजू कळावी कशी?

आता जगाकडे पाहा. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनी हीच तक्रार पुढे मांडली. आमच्या बातम्या पाश्चात्त्यांच्या मोजक्या वृत्तसंस्था वाहून नेतात, आमचे दुष्काळ आणि दंगे तेवढे दाखवितात, असे ती राष्ट्रे म्हणत. 1976 साली अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांच्या सहकार्यासाठी दिल्लीत परिषद भरली. 1980 मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल आला. भारताची ती मागणी न्याय्यच होती. पण जो न्याय भारताने जगाकडे मागितला, तो त्याने घरात दिला काय? 2019 साली ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी वृत्तमाध्यमांतील 121 प्रमुख पदांची पाहणी केली. त्यांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही मनुष्य नव्हता! लोकसभेसाठी शिर्डी मतदारसंघ राखीव आहे. संपादकाची खुर्ची मात्र कोठेही राखीव नाही.

वृत्तसंस्था हाती नव्हती, म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत. अमेरिकेतील निग्रो बांधवांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचे 1946 साली वाचताच, त्यांनी विद्वान नेते डु बॉईस यांना स्वतः पत्र लिहून त्याच्या प्रती मागविल्या. त्यांना उत्तरही आले. पीडितांनी पीडितांशी थेट बोलावे, हा त्यातील धडा होय.

आपणांस एक काम सांगतो. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक दैनिक महिनाभर रोज तपासावे. आपल्या समाजाविषयी किती मजकूर आला? त्यात बोलले कोण: पोलीस, पुढारी, की आपला मनुष्य? बातमी अन्यायापूर्वी आली की प्रेत पडल्यावर? हे वहीत तारखेनिशी लिहावे. विद्यापीठात ज्याला संशोधन म्हणतात, त्याचा आरंभ असाच होतो. तक्रार झिडकारता येते. तारखेनिशी केलेली नोंद झिडकारणे कठीण असते. त्या मुलांतूनच उद्याचे वार्ताहर आणि संपादक निघाले पाहिजेत.

जयभीम.