विळीचे पाते आणि लोहाराची भट्टी

महाराष्ट्राची विळी, बंगालची बोटी, तमिळनाडूची अरिवाळमणै. नावे निराळी, पण त्यांचे हातघडणीचे पाते लोहाराच्या ऐरणीवरच आकार घेते. पुष्कळदा ते मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवले जाते. या पोलादात पुरेसा कार्बन असल्याने लाल तापवून विझवताच ते कठीण होते. नंतर बेताची आच देऊन त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो.

गंजरोधक पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. या पात्यात तेवढे नसल्याने ओले राहिल्यास ते गंजते. मात्र त्याला दगडावर सहज धार लागते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज, कारागिरास ५ टक्के व्याजाने, अशी तिची तरतूद आहे.

परंतु कर्जाने भट्टी पेटेल. ती पेटती राहील गिऱ्हाइकामुळेच. पहिल्याच गंजाने पाते अडगळीत गेले, तर कारागिराचे कौशल्यही तेथेच जाईल. म्हणून प्रत्येक पात्यासोबत निगेची चिठ्ठी द्यावी: वापरानंतर धुवा, पुसून कोरडे करा, तेलाचा हात फिरवा. एवढ्याने पाते टिकेल आणि लोहाराचा रोजगारही.