भाताच्या पानावरचं पाणी

मंडळी, येताना वाटेतल्या एका खाचरातून भाताची चार पानं आणली आहेत. मालकाला विचारून, काळजी नसावी. कर्जत-खालापूरकरांना पावसाबद्दल सांगणं म्हणजे कोळ्याला मासळी सांगणं. पण चार महिने पावसात उभं राहणारं हे पान खरं म्हणजे भिजतच नाही. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

हा थेंब टाकला. पुढच्या रांगेला दिसेल, तो पसरला नाही, मोत्यासारखा बसला. थॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरानं 1805 साली याचा हिशेब मांडला. थेंबाच्या काठावर तीन ताणांची रस्सीखेच चालते: पाणी नि हवा, पान नि हवा, पाणी नि पान. त्यातून थेंबाची कड पृष्ठभागाशी एक कोन करते. स्वच्छ काचेवर तो जवळजवळ शून्य, म्हणून पाणी पसरतं. भाताच्या पानावर तो 150 अंशांच्या पुढे जातो. पानावरच्या नुसत्या मेणाला 110च्या आसपासच पोचता येतं. उरलेली करामत पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांची. त्यांच्या फटींत हवा अडकते आणि थेंब बराचसा हवेवरच टेकतो.

हे उंचवटे पानाच्या लांबीला धरून ओळीनं असतात. त्यामुळे थेंब पानाच्या लांबीनं सहज घरंगळतो, आडवा जायला मात्र कुरकुरतो. चिनी संशोधकांनी 2002 साली हे मोजून छापलं. बांधावर बसून सकाळी दव बघणाऱ्याला त्यात फार नवल वाटणार नाही.

आता हेच पान फवारणीला डोकेदुखी. निळे भुंगेरे आले, पाठीवर पंप घेतला, की निम्मं औषध चिखलात. म्हणून दुकानदार ‘स्टिकर टाका’ म्हणतो. नाव स्टिकर, पण त्याचं मोठं काम पसरवण्याचं. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन. असं द्रव्य तो 30च्या आसपास आणतं आणि थेंब चपटा होतो. ‘थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं?’ बिघडतं. औषध पसरत पसरत पानावरून ओघळून जातं.

उल्हास किंवा पाताळगंगा नदी खाचरात शिरली आणि भात बुडालं, की पानाभोवती हवेचा पापुद्रा राहतो. दिवसा कार्बन डायऑक्साइड, रात्री ऑक्सिजन, दोन्ही त्यातून पानात सहज येतात. 2009च्या एका प्रयोगात हा पापुद्रा साबणासारख्या द्रव्यानं घालवला, तर बुडालेल्या रोपांची वाढ मंदावली.

हे दुसरं पान या काचेच्या ग्लासात बुडवतो. चांदीसारखं चमकतंय ना? ती हवा. आता बाहेर काढून साबणाचं बोट एकदाच मधून फिरवतो. पुन्हा बुडवलं. बघा, कडा अजून चांदीच्या आहेत. बोट फिरलं तेवढी पट्टी हिरवी झाली.