घड्याळ कोणी उघडले?

लहानपणीच्या कुतूहलातून पुढे मोठे शोध कसे लागतात, या विषयावर मी आपणांशी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली आहे. हा विषय एखाद्या शास्त्रज्ञाकडे जावयाचा, तो मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि खानदेशातील खेड्यांतून मुळाक्षरे व पाढे शिकवीत आयुष्य घालविलेल्या मास्तराकडे का आला, असा प्रश्न मला प्रथम पडला. परंतु विचार केला तेव्हा वाटले, यातही थोडे औचित्य असावे. कुतूहल फुलते कसे, हे शास्त्रज्ञ सांगेल. ते कोमेजते कसे, हे मात्र आम्हा मास्तरांइतके जवळून कोणी पाहिलेले नसते. म्हणून आरंभीच एका अपराधाची कबुली देतो. हा अपराध दुसऱ्या कोणाचा नव्हे, माझाच आहे.

धुळे जिल्ह्यातील एका लहान गावी मी शिक्षक होतो. शाळेत लंबकाचे एक जुने घड्याळ होते. एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना लागला, घड्याळ उतरवून पुन्हा टांगले, आणि तेव्हापासून त्याने असहकार पुकारला. सोमवारी किल्ली द्यावी, बुधवारपर्यंत ते चालावे, आणि मग मुकाट्याने थांबावे. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात येऊन पाहतो तो भिंत रिकामी! घड्याळ जमिनीवर उघडे पडलेले. शेजारी एक पाटी, तिच्यावर खडूने क्रमांक घातलेले, आणि प्रत्येक क्रमांकापुढे एकेक चाक वा मळसूत्र नीट मांडून ठेवलेले. मी गरजलो, "घड्याळ कोणी उघडले?" दहा वर्षांचा एक मुलगा निमूटपणे उभा राहिला. पुढे काय झाले ते सांगावयास नकोच. त्या काळी छडी हाताशीच असे. वडिलांना बोलावून दुरुस्तीचा खर्चही भरावयास लावला.

श्रोतेहो, त्या पाटीवरचे क्रमांक मी डोळ्यांनी पाहिले होते, पण ते मला दिसले नाहीत. नासधूस करणारे मूल क्रमांक घालीत बसत नाही. ज्याला सर्व पुन्हा जागच्या जागी बसवावयाचे असते तोच ते घालतो. घड्याळ कोणी उघडले, हे मी विचारले. का उघडले, हे विचारावयाचे राहून गेले. तो मुलगा पुढे दोन वर्षे माझ्या वर्गात होता. पाढे बिनचूक म्हणे, धडा वाचून दाखवी. पण प्रश्न म्हणून त्याने एकही विचारला नाही. आणि मी त्याला शहाणा, शांत मुलगा समजत राहिलो!

या प्रसंगाची टोचणी मला लागली ती बऱ्याच वर्षांनी, आणि तीही एका सहलीत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणून १८६५ साली प्रसिद्ध केला. लेख इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथे एक मठ स्थापिला आणि त्यास दाने मिळाली, असा त्यातील वृत्तान्त आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. त्यातील अंकगणिताचा भाग म्हणजेच 'लीलावती'. गणित शिकविण्यासाठी मठ, आणि तो आपल्या खानदेशच्या रानात, आठशे वर्षांपूर्वी! सहलीची मुले देवळाच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि मी त्यांना लीलावतीची ती प्रसिद्ध आख्यायिका सांगत होतो.

अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकच शुभ क्षण होता. तो अचूक साधावा म्हणून घटिकापात्र मांडले होते. तळाशी बारीक छिद्र असलेली ही वाटी पाण्यावर तरंगत असते. छिद्रातून पाणी आत येत येत ती भरून बुडाली, की तेवढा काळ लोटला असे समजावयाचे. हे पाणी आत शिरते तरी कसे, या बालसुलभ कुतूहलाने मुलगी वाकून पाहू लागली. तिच्या अंगावरील अलंकारातील एक मोती निखळून वाटीत पडला आणि छिद्राशी अडकला. वाटी बुडालीच नाही. मुहूर्त टळून गेला. तेव्हा पित्याने तिचे नाव चिरकाल राहावे म्हणून तिच्या नावाने ग्रंथ लिहिला.

कथा सांगता सांगता मी मध्येच थांबलो. मुलांना वाटले, मास्तरांना पुढचे आठवत नाही. खरे तर मला पुढचे नव्हे, मागचे आठवले होते. तिकडेही घड्याळ, इकडेही घड्याळ. तिकडेही वाकून पाहणारे मूल, इकडेही. एका बापाने मुलीच्या हातून मुहूर्त चुकला तेव्हा तिला ग्रंथ दिला. मी मात्र शाळेच्या एका जुन्या घड्याळासाठी छडी दिली.

ही आख्यायिकाच आहे, इतिहास तिला साक्ष देत नाही, हे मी जाणतो. परंतु ग्रंथ तर खरा आहे ना? आणि तो उघडून पाहिला तर काय दिसते? त्यात नियम आहेत, पण नियमांच्या जोडीला गमतीचे प्रश्न आहेत, आणि त्यांतले काही बालेला संबोधून घातलेले आहेत. कमळांवर विखुरलेले भुंगे किती, बिळाकडे धावणाऱ्या सापावर मोर कोठे झडप घालील, असले ते प्रश्न. एक नमुना माझ्या शब्दांत सांगतो. बत्तीस हात उंचीचा एक वेळू सपाट जमिनीवर उभा आहे. वाऱ्याने तो एके ठिकाणी मोडला, आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकला. तर तो जमिनीपासून किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. वरचा वीस हातांचा तुकडा कर्ण झाला, बारा आणि सोळा या काटकोनाच्या दोन बाजू झाल्या. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, सोळाचा दोनशे छप्पन्न. मिळून चारशे, आणि वीसचा वर्गही चारशेच. हे गणित घरी मुलांना घालून पाहा. नियम सांगू नका. आधी एक काडी मोडून त्यांच्या हातात द्या.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की मूल जिज्ञासू असले की झाले, शोध आपोआप लागतो. तसे नव्हे. कुतूहल ही ठिणगी खरी. पण तिला राखेखाली जपावे लागते आणि फुंकरही घालावी लागते. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील घ्या. डॉ. शंकर आबाजी भिसे हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. एके काळी त्यांना 'हिंदुस्थानचे एडिसन' म्हणत असत. त्यांचा जन्म मुंबईत २९ एप्रिल १८६७ रोजी झाला. घरातील वस्तू उघडाव्या, आत काय आहे ते पाहावे आणि पुन्हा जोडाव्या, हा त्यांचा बालपणापासूनचा छंद. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून वायू करण्याचे उपकरण बनविले. बंद भांड्यात, हवा लागू न देता, कोळसा तापविला म्हणजे त्यातून जळणारा वायू निघतो. तो नळीने पाण्यातून नेला की डांबरासारखी घाण मागे राहते आणि नळीच्या तोंडाशी ज्योत लावता येते. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवरील दिवे अशाच वायूवर जळत. रस्त्यावरचे दिवे हजारो लोक रोज पाहत होते; हा वायू होतो तरी कसा, ते करून पाहण्याचा ध्यास या एका मुलाने घेतला.

आता आपण आपल्या मनाशी विचार करू. चौदा वर्षांचा आपला मुलगा निखारे, कोळसा आणि पेट घेणारा वायू घेऊन घरात बसला, तर आपण काय म्हणू? "अभ्यास कर," असेच ना? पण भिशांचा अभ्यास तोच होता. यंत्रविद्येचे ज्ञान त्यांनी पाठशाळेपेक्षा अमेरिकेतील एका विज्ञानविषयक मासिकातून मिळविले. पुढे साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणारे यंत्र सुचविण्याची स्पर्धा लंडनच्या एका नियतकालिकाने लावली, तेव्हा मुंबईत बसून त्यांनी आराखडा पाठविला आणि १८९७ साली बक्षीस मिळविले. मग ते विलायतेस गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. छापखान्यातील खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. १९१० साली रतन टाटांच्या साह्याने या कामासाठी मंडळी उभी राहिली. पण ती टिकली नाही. पुढे ते अमेरिकेस गेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले.

त्यांना अपयशही पुष्कळ आले, हे मी मुद्दाम सांगतो. कुतूहलाची परिणती श्रीमंतीत होतेच असे नाही, आणि प्रत्येक मुलाने एडिसन व्हावे असेही नाही. परंतु ज्याला लहानपणी 'करून पाहा' असे कोणी म्हटले, अथवा निदान 'करू नकोस' असे म्हटले नाही, तो मनुष्य अपयशानंतरही पुन्हा करून पाहतो. शोध लागतो तो अशा पुन्हा पाहण्यातूनच.

पाटण्याहून परत आल्यावर मी एक नियम केला. मुलाने प्रश्न विचारला, की उत्तर ठाऊक असो वा नसो, तत्काळ द्यावयाचे नाही. पहिली कसोटी लवकरच आली. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती होते, हे धुळ्याकडील श्रोते जाणतात. नदीला बंधारा घालून पाणी पाटात वळवितात, आणि त्या पाटावर गावाचे फड भिजतात. एका मुलीने विचारले, "गुरुजी, नदी खाली वाहते आणि पाट वर, उंचावर. मग पाणी वर चढते कसे?" मला उत्तर येत नव्हते, ही त्या दिवशीची मोठी सोय झाली! गावच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली; म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. तिची दोन्ही टोके कितीही अंतरावर धरा, दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत उभे राहते. खुणा केलेल्या दोन काठ्या घेऊन मुले बंधाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने मापे घेत निघाली. दोन शनिवार गेले. अखेर त्याच मुलीने सांगितले, "पाणी वर चढतच नाही. पाटही उतरतोच, फक्त नदीपेक्षा हळू उतरतो. म्हणून पुढे गेल्यावर तो नदीहून उंच राहतो." आमच्या वाडवडिलांनी शतकानुशतके ज्यावर शेते पिकविली, ते तत्त्व त्या मुलीने स्वतःच्या पायांनी चालून शोधून काढले. तिच्यापूर्वी ते हजारोंना ठाऊक होते, यात काय बिघडले? तिच्यापुरता तो शोधच होता.

आता त्या घड्याळवाल्या मुलाचे काय झाले, ते सांगतो आणि आपली रजा घेतो. सेवानिवृत्तीनंतर एकदा पाण्याचा पंप जळाला, म्हणून मोटारीची वेटोळी भरून देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखले, खुर्ची दिली, चहा मागविला. काम झाले, पैसे घेईना. निघताना हळूच म्हणाला, "गुरुजी, राग नसेल तर एक विचारू? ते घड्याळ बुधवारीच का थांबत असे? मला अजून कळले नाही."

तीस वर्षांनंतर त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न! मी त्यास म्हटले, "बाबा, मलाही ठाऊक नाही. पण आपण दोघे मिळून शोधू." एका वृद्ध घड्याळजीकडे दोघेही गेलो. तो हसून म्हणाला, "घड्याळ बिघडलेले नव्हतेच. चुना लावल्यावर कोणी तरी ते भिंतीवर तिरपे टांगले असेल. तिरपे झाले की लंबकाची टिकटिक सम राहत नाही. किल्ली ताजी असते तोवर ते जोरावर चालते. जोर ओसरला की थांबते. सरळ टांगले असते तर उघडावेच लागले नसते."

ते घड्याळ टांगणारा मीच होतो.

श्रोतेहो, आज घरोघरी मुले प्रश्न विचारतात आणि यंत्राकडून क्षणात उत्तर मिळवितात. ते वाईट नाही. परंतु एखाद्या संध्याकाळी आपल्या घरी एखादी वस्तू उघडी पडलेली दिसली, तर 'कोणी उघडले?' असे विचारण्यापूर्वी थोडे थांबावे. तिचे सुटे भाग क्रमाने मांडलेले आहेत का, ते पाहावे. आणि मग मुलाशेजारी जमिनीवर बसून विचारावे, 'का रे उघडलेस? चल, मलाही दाखव.' शोधांचा आरंभ याहून निराळ्या ठिकाणी होत असल्याचे मला तरी आढळले नाही.