मुसी, तलाव आणि आपली घरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



हैदराबादेत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींचा मुसी नदीशी संबंध बहुधा पूल ओलांडण्यापुरताच येतो. काचीगुडा, गौलीगुडा, सुलतान बाजार या भागांतील जुन्या घरांत मात्र ‘तुघयानी’ हा शब्द अजून आठवला जातो. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराचे हे नाव. कोळसावाडी पाहता पाहता वाहून गेली. शहरात सुमारे १५ हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. अफझलगंजातील एका चिंचेवर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी वाचली. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. सवड काढून मुलांना अवश्य दाखवावे.

पुढच्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले, मुंबई सरकारच्या सेवेत खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते; त्यामुळे आम्हांला ते थोडे घरचेच वाटतात. त्यांनी सुचविल्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. त्यांच्या या धरणांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्यांचे निदान आम्हांला अधिक मोलाचे वाटते. शहराच्या वरच्या खोऱ्यात ७८८ लहानमोठे तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले, असे त्यांना आढळले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, आणि तोही फुटे. पुराचा लोंढा असा वाढत आला होता.

ही दोन धरणे वरून येणारे पाणी अडवितात. शहरावरच कोसळणाऱ्या पावसाला ती काय करणार? तो पाऊस पूर्वी शहरातले तलावच झेलीत. हुसेनसागर तर १५६२ सालचा. एका तलावाच्या सांडव्यातून सुटलेले पाणी नाल्याने दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाई. ही साखळी आम्हीच तोडली. मासाब टँक आता केवळ वस्तीचे नाव उरले आहे. ‘कुंटा’ आणि ‘चेरुवु’ हे शब्दही पाट्यांवर दिसतात, पाणी दिसत नाही. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठेत सुमारे २४० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने आपली जुनी वाट बरोबर शोधून काढली. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री पल्ले चेरुवुचा बांध फुटला आणि चारच दिवसांनी गुर्रम चेरुवुचा.

हे सांगण्यास एक घरगुती कारण आहे. आमची मुले उपनगरांत सदनिका घेत आहेत. कर्जाची कागदपत्रे आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो, पण ती जमीन ‘शिखम’, म्हणजे तलावाच्या पोटातली, आहे काय, तलाव पूर्ण भरला असता पाणी कोठवर येते, हे कितीजण विचारतात? बांधकामदार ते आपण होऊन सांगेल, अशी आशा धरू नये. महसूल खात्यात सर्व्हे नंबर दाखवून चौकशी करता येते.

जुन्या शहराची लिओनार्ड मन यांनी १९१२ ते १९१५ या काळात केलेली नकाशापाहणी आणि उपनगरांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे यांच्या प्रती मंडळाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. घर पाहावयास निघालेल्या जोडप्यांनी आधी तेथे यावे.