ढोलाला लगाम



आजच्या विषयात 'कंप्रेसर' हा शब्द वाचून एका गृहस्थांनी मला दारातच विचारले, "टायरमध्ये हवा भरण्याच्या यंत्रावर व्याख्यान आहे काय?" शंका रास्त आहे. कल्याण, मुंब्रा आणि पनवेलकडचे रस्ते जेथे मिळतात, त्या शीळफाट्यावर कंप्रेसर म्हणजे हवेचाच! माझा कंप्रेसर मात्र आवाजाचा. आवाज फार उसळला की तो त्याला आवरतो. लिमिटर हा त्याचाच कडक भाऊ. ठरवलेल्या रेषेच्या वर तो जवळजवळ काहीच जाऊ देत नाही.

अशा यंत्राची गरज का पडली? आपला कान कुजबुजही ऐकतो आणि ढोलही सोसतो. फीत, तबकडी आणि रेडिओचे प्रक्षेपण यांना एवढा विस्तार पेलत नाही. थाप मर्यादेबाहेर गेली की आवाज फाटतो. म्हणून रेडिओ केंद्रांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३७ साली आवाज आवरणारे यंत्र बाजारात आणले. पुढे तबकड्या कोरणाऱ्यांनीही अशी यंत्रे वापरली.

या जुन्या यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असत. आलेल्या आवाजाचाच थोडा अंश वळवून तो व्हॉल्व्हला लगाम घालण्यास वापरीत. आवाज जितका मोठा, तितका लगाम घट्ट. 'चारास एक' असे प्रमाण ठरवले, तर मर्यादेवर आवाज चार डेसिबल चढला तरी बाहेर एकच चढतो. फेअरचाइल्ड ६७० या नामांकित यंत्रात वीस व्हॉल्व्ह होते आणि त्याचे वजन सुमारे तीस किलो! त्याच घराण्यातले ६६० लंडनच्या ॲबे रोड येथे होते. १९६६ साली जेफ एमरिक या तरुण ध्वनिमुद्रकाने बीटल्सच्या रिंगो स्टारच्या ढोलात लोकरी स्वेटर कोंबला, ध्वनिग्राहक अगदी जवळ नेला आणि तो आवाज या यंत्रातून काढला. ढोल छातीवर आदळतो आहे असे लोकांना वाटले.

म्हणजे जितका दाब अधिक तितके वादन उत्तम, असे का? ही माझीही समजूत होती. आपल्या याच परिसरात एका ढोलताशा पथकाचा सराव मी मुद्रित केला. फाटू नये म्हणून लिमिटर भरपूर आवळला. ध्वनी एकसारखा, मोठा आणि स्वच्छ आला. मी खूश! पथकातले एक वयस्क वादक शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आवाज मोठा आहे हो, पण हात कुठे दिसत नाही."

ते बरोबर होते. थापेचा पहिला क्षण हाच वादकाचा हात. टिपरू कातड्यावर पडते तो टणत्कार क्षणात संपतो, मागे घुमारा राहतो. यंत्राने तो पहिला क्षणच चिरडला, की राहतो नुसता घुमारा. शिवाय संथ लयीतून टिपेला जाणारा चढही सपाट होतो. सारेच मोठे असेल, तर मोठे कशाला म्हणायचे?

पुन्हा मुद्रण केले तेव्हा मी तीन गोष्टी पाळल्या. ध्वनिग्राहक थोडा दूर, मोकळ्या जागी ठेवला. ताशाला वेगळा ध्वनिग्राहक दिला. नाहीतर ताशाच्या कडकडाटाने लगाम ओढला जातो आणि ढोल विनाकारण दबतो. आणि कंप्रेसर थोडा उशिरा पकडेल, पुढच्या थापेआधी सोडेल असा लावला. फार तर चार-पाच डेसिबल आवरले. काटा थोडा खाली राहिला, पण हात दिसला.

आज ती जुनी यंत्रे संगणकात नकलेच्या रूपाने मिळतात. तुमच्या मुलाच्या पथकाचे मुद्रण कोणी करणार असेल, तर त्याला एवढेच सांगा: लगाम घोड्याला आवरण्यासाठी असतो, त्याला लंगडा करण्यासाठी नव्हे.